हलके पाऊल, टिकाऊ पाऊल

रायपूर शहराबाहेर पडताच धानाची शेती सुरू होते. पावसाळ्यात रोवणी करणारे शेतकरी व मजूर बांधीतील चिखलात दिवसभर उभे असतात. उन्हाळ्यात तीच जमीन तापते, भेगाळते. अशा भूमीवर कृत्रिम पायाने चालणाऱ्या माणसापुढे एक अवघड प्रश्न असतो. हा पाय हलका असावा की टिकाऊ?

प्रथम वजनाचा विचार करू. हातोड्याचा दांडा लोखंडाजवळ धरून हातोडा फिरवावा आणि मग तोच दांडा शेवटच्या टोकाशी धरून फिरवावा. वजन तेच असते, पण दुसऱ्या वेळी हात लवकर थकतो. चालताना पाय खुब्यापासून असाच झुलतो. म्हणून पाठीवरील ओझ्यापेक्षा पावलाशी असलेले तेवढेच ओझे अधिक श्रम घेते. त्यातच कृत्रिम पाय हाडामांसाला जोडलेला नसतो. उरलेल्या अवयवावर बसवलेल्या खोबणीच्या आधाराने तो लोंबतो. त्यामुळे तो मूळ पायापेक्षा हलका असला, तरी जड वाटतो.

मात्र हलकेपणाचीही किंमत मोजावी लागते. वजन घटवण्यासाठी नुसते साहित्य कमी केले, तर मजबुती घटते. पावलाला तडा गेला, तर दुरुस्ती होईपर्यंत काम थांबते. ज्याचे घर रोजच्या मजुरीवर चालते, त्याला हे परवडत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर जयपूर येथे सापडले. 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ‘जयपूर फूट’ हे पाऊल तयार केले. त्याचे बाहेरचे आवरण रबराचे होते. त्यामुळे ते बुटाशिवाय वापरता येई, पाण्याचिखलात चाले आणि त्यावर उकिडवे बसता येई. भारतीय जीवनाला साजेसे असे हे पाऊल होते. रबर जड, पण चिवट. त्यावरील नळीसाठी आरंभी ॲल्युमिनियमचा पत्रा वापरीत. पुढे पाण्याच्या नळांसाठी वापरतात तसे न गंजणारे प्लॅस्टिक आले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या साहाय्याने पॉलियुरेथेनचे अधिक हलके पाऊलही बनले. तथापि काही प्रकारचे पॉलियुरेथेन दमट हवेत कालांतराने झिजते. म्हणजे प्रश्न संपला नाही. त्याचे रूप बदलले.

चढावर हा प्रश्न आणखी तीव्र होतो. छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यातील चित्रसेन साहू यांनी 2014 साली रेल्वे अपघातात दोन्ही पाय गमावले. 2019 साली त्यांनी कृत्रिम पायांनी आफ्रिकेतील 5,895 मीटर उंचीच्या किलिमांजारो पर्वतावर चढाई केली. अशा चढाईत प्रत्येक पावलागणिक वजन जाणवते, आणि पाय मोडला तर परतीची वाटही बंद होते.

बर्फाळ डोंगरांत स्कीवरून भटकणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. बूट स्कीला जखडणाऱ्या पकडीला बाइंडिंग म्हणतात. 1980 च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी जड चौकटीऐवजी बुटाचे टोक दोन बारीक खिळ्यांत धरणारी पकड तयार केली. त्यामुळे चढताना पायावरचे ओझे बरेच घटले. पण वस्तीपासून दूर पकड तुटली, तर खोल बर्फ तुडवत परतावे लागते.

यावरून असे दिसते की, ‘हलके की टिकाऊ?’ एवढाच प्रश्न अपुरा आहे. वस्तू कोठे वापरायची, ती मोडल्यास काय गमवावे लागेल आणि ती जवळपास दुरुस्त होईल काय, हेही विचारले पाहिजे. कार्यालयात बसून काम करणाऱ्यास हलके पाऊल सोयीचे ठरेल. बांधीत राबणाऱ्यास थोडे जड, पण चिवट पाऊल अधिक उपयोगी पडेल. योग्य निवड तराजूवर ठरत नाही. ती वापरणाऱ्याच्या दिनक्रमावर ठरते.

पाठगत प्रश्न

1. पावलाशी असलेले ओझे अधिक श्रम का घेते?
2. ‘जयपूर फूट’ भारतीय जीवनाला साजेसे का ठरले?
3. तुमच्या वापरातील एखादी वस्तू घेताना हलकेपणा आणि टिकाऊपणा यांपैकी तुम्ही काय निवडाल? कारणे लिहा.