भंगारातल्या बोर्डात सोनं असतं का?

प्रश्न : शहाड स्टेशनजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दुरुस्त न होणारे बोर्ड मी पोत्यात साठवतो. भंगारवाला बॉडी आणि चार्जर किलोवर नेतो, बोर्डाला मात्र निराळा भाव देतो. म्हणतो, यात सोनं आहे. खरंच असतं का? किती? त्याखेरीज आत काय असतं? ओळखीचे एक काका म्हणतात, तेजाबात टाकलं की घरच्या घरी सोनं निघतं.
— एक वाचक, उल्हासनगर कॅम्प १

उत्तर : असतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा एक हिशोब आहे : दहा लाख जुन्या मोबाईलमधून सुमारे १६ टन तांबं, ३५० किलो चांदी, ३४ किलो सोनं आणि १५ किलो पॅलेडियम निघतं. म्हणजे एका मोबाईलमागे सोनं ३४ मिलिग्रॅम. दहा ग्रॅमचा तोळा धरला, तर तोळ्याला तीनशे मोबाईल लागतील. ऐकायला किरकोळ वाटतं, पण खाणीशी तुलना करून पाहा. टनभर दगडातून पाच-दहा ग्रॅम सोनं मिळालं तर ती खाण चांगली समजतात. टनभर मोबाईलमधून तीनशे ग्रॅमच्या वर मिळतं.

सोनं वापरतात, कारण ते गंजत नाही. वीज तांबं आणि चांदी दोन्ही सोन्यापेक्षा चांगली वाहून नेतात. पण तांब्यावर थर चढतो आणि हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. सिमकार्ड आणि बॅटरी जिथे टेकतात त्या जागी असा थर आला की फोन अडखळतो. म्हणून तिथे सोन्याचा मुलामा असतो, तोही मायक्रॉनच्या हिशोबातला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एका मोबाईलमध्ये साठाहून अधिक मूलद्रव्यं असतात असं मानलं जातं. सगळ्यांची यादी दिली तर लक्षात राहणार नाही. त्यापेक्षा तुम्ही दुकानातून बदलापूरला बहिणीला फोन लावलात असं समजू आणि तिच्या कानापर्यंत जाऊ.

फोनची बॅटरी लिथियमची. तिच्या एका बाजूला लिथियमसोबत कोबाल्ट, निकेल असे धातू, दुसऱ्या बाजूला ग्राफाइट, म्हणजे कार्बन. ज्या काचेवर बोट फिरवता तिच्यावर इंडियम आणि कथिलाच्या ऑक्साइडचा थर आहे. वीज वाहणारा आणि तरीही आरपार दिसणारा पदार्थ दुर्मिळ, म्हणून टचस्क्रीनला हा थर लागतो. बोर्डावर टोकाला पट्टी असलेले चिमुकले चौकोनी कपॅसिटर तुम्ही हॉट एअरने काढत असाल. त्यांतले काही टँटॅलमचे असतात. फोन थरथरतो तो मोटरच्या दांड्यावर एका अंगाला बसवलेल्या टंगस्टनच्या वजनामुळे. टंगस्टन शिशापेक्षा खूप जड, त्यामुळे कणभर तुकडा पुरतो.

चिप सिलिकॉनची. पण शुद्ध सिलिकॉन जवळजवळ मुकाच असतो. त्यात अगदी थोडा फॉस्फरस घातला की वीज वाहायला मोकळे इलेक्ट्रॉन मिळतात, बोरॉन घातला की इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा तयार होतात. या दोन्ही भागांची सांगड म्हणजे ट्रान्झिस्टर.

इथे जरा अंबरनाथला थांबू. फॉस्फरस तुमच्या पट्ट्याला नवा नाही. १९२३ साली स्वीडिश भांडवलावर उभ्या राहिलेल्या विमकोच्या आगपेट्या अंबरनाथला बनत. आगपेटीच्या बाजूला काडी जिथे घासतो, तिथे लाल फॉस्फरस असतो. त्याच गावातल्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने फॉस्फरिक आम्लावर चालणारा इंधन घट बनवला. पाणबुडीला हवा घ्यायला वारंवार वर यावं लागू नये, हा त्याचा हेतू, आणि मार्च २०२१ मध्ये जमिनीवर त्याची चाचणी यशस्वी झाली. आगपेटी, पाणबुडी आणि तुमच्या पोत्यातली चिप, तिन्हीकडे हेच एक मूलद्रव्य कामाला आहे. मला याचं अप्रूप वाटतं.

गंधकाचंही तसंच. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीने अंबरनाथला गंधकाम्ल बनवलं. शहाडच्या रेयॉन कारखान्यात लाकडाच्या लगद्याचा धागा होतो तोही गंधकाम्ल आणि झिंक सल्फेटच्या द्रावात. आणि वीज गेल्यावर मोबाईलचा टॉवर ज्यावर तग धरतो, त्या जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्यांत शिसं आणि हेच गंधकाम्ल असतं. दोन-दोन व्होल्टचे २४ सेल ओळीने जोडून ४८ व्होल्ट करतात. आता तिथेही लिथियम शिरतंय.

तर, तुमचा आवाज टॉवरपर्यंत फेकण्याचं काम सहसा गॅलियम आर्सेनाइडच्या छोट्या चिपचं. ५जीच्या टॉवरवर गॅलियम नायट्राइड वापरतात, कारण ते जास्त ताकद आणि उष्णता पेलतं. टॉवरवरून पुढे निघाल्यावर आवाज प्रकाश होतो आणि काचेच्या केसाएवढ्या तारेतून धावतो. रुळांच्या कडेने रेल्वेच्या रेलटेल कंपनीची अशीच केबल गेली आहे. ही काच म्हणजे सिलिकॉनचं ऑक्साइड. तिच्या गाभ्यात थोडं जर्मेनियम मिसळलेलं असतं. त्याने गाभ्याचा अपवर्तनांक वाढतो आणि प्रकाश आतल्या आत परावर्तित होत राहतो. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत अशी तार बनते. बदलापूरपर्यंत एवढं पुरे. मुलगा दुबईला असेल आणि फोन समुद्राखालून जायचा असेल, तर वाटेत मंद झालेला प्रकाश पुन्हा प्रखर करायला एर्बियम मिसळलेल्या तारेचे तुकडे लागतात.

शेवटी बहिणीच्या फोनमधला स्पीकर. त्यात निओडिमियम, लोह आणि बोरॉनचं चुंबक. १९८० च्या दशकात हे चुंबक सापडलं नसतं, तर स्पीकर एवढा लहान करणं कठीण होतं.

जर्मेनियम आणि गॅलियमची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. दोन्ही सापडण्याआधी रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने आवर्तसारणीत त्यांच्या जागा रिकाम्या ठेवल्या होत्या आणि त्यांना नावं दिली होती ‘एका-सिलिकॉन’ आणि ‘एका-ॲल्युमिनियम’. हा ‘एका’ म्हणजे संस्कृतातला एक. गॅलियम १८७५ मध्ये सापडलं, जर्मेनियम १८८६ मध्ये.

यांना स्वतंत्र खाण जवळजवळ नसते. गॅलियम बहुतांशी बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना हाती लागतं, जर्मेनियम जस्ताबरोबर किंवा कोळशाच्या राखेतून. त्यामुळे भाव कितीही वाढला तरी उत्पादन लगेच वाढवता येत नाही. आधी ॲल्युमिनियम आणि जस्ताला गिऱ्हाईक हवं. जगातलं जवळजवळ सगळं नवं गॅलियम चीनमध्ये निघतं. चीनने १ ऑगस्ट २०२३ पासून या दोघांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला आणि एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांनाही. त्यांतली काही चुंबकांत लागतात, त्यामुळे चुंबकांसाठी भारतातले वाहन कारखानेही धावपळ करू लागले. किलो-दोन किलोंच्या हिशोबात मोजली जाणारी ही द्रव्यं आख्खा कारखाना थांबवू शकतात.

आता काकांचं तेजाब. एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलं की अम्लराज होतं आणि त्यात सोनं विरघळतं, हे खरं आहे. पण त्यातून तपकिरी वाफ निघते ती नायट्रोजन डायऑक्साइडची. ती फुप्फुसात शिरली की त्रास कित्येकदा काही तासांनी सुरू होतो, तोवर माणूस गाफील असतो. पातेल्यात उरतं ते तांबं, शिसं आणि निकेल विरघळलेलं आम्ल. ते कुठे ओतणार? नाल्यात. नाला वालधुनीला मिळतो, वालधुनी कल्याणजवळ खाडीला. नोव्हेंबर २०१४ मध्ये याच नदीत रसायन ओतलं गेलं आणि उल्हासनगरमध्ये शेकडो लोकांना वाफेचा त्रास झाला. ज्या नदीकाठी अंबरनाथचं साडेनऊशे वर्षांचं शिवमंदिर उभं आहे, तिच्यात आणखी एक पातेलंही ओतू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शिवाय अशा घरगुती प्रकारात टँटॅलम, इंडियम आणि निओडिमियम काहीच हाती येत नाही. सगळं वाया जातं.

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार पुनर्चक्रण करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून जवळच्या नोंदणीकृत कारखान्याची माहिती मिळते. एकट्याचं पोतं लहान पडेल. आसपासच्या चार-पाच दुकानदारांनी माल एकत्र केलात तर गाडी बोलावता येईल. पोत्यातल्या बॅटऱ्या आजच वेगळ्या काढा. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा. आणि भाव ठरवताना फक्त सोन्यावर बोलू नका. तीनशे मोबाईलमध्ये तोळाभर सोनं असतं, तसं पावणेपाच किलोच्या आसपास तांबंही असतं, आणि साडेचार ग्रॅम पॅलेडियम. ते भंगारवाल्याला ठाऊक असतं.