हजेरी कोणाची, कशासाठी?

आपल्या वसतिगृहात सायंकाळच्या वंदनेनंतर हजेरी होते. मूल सुखरूप आहे ना, एवढाच त्या हजेरीचा हेतू असतो. येथून बाहेर पडलेले आपले विद्यार्थी आज पनवेल, तळोजा, बेलापूर येथील कार्यालयांत काम करतात. तेथेही हजेरी होते. मात्र घेणारा दिसत नाही. संगणकावर नाव व पासवर्ड टाकताच नोंद होते. या हजेरीचे स्वरूप आपण समजून घेतले पाहिजे.

नोंद कशी होते?

कार्यालयाच्या नेटवर्कवर या क्षणी कोण लॉगिन आहे, हे व्यवस्थापकास पाहता येते. लिनक्स प्रणालीत ‘हू’ ही आज्ञा दिली की वापरकर्त्याचे नाव व लॉगिनची वेळ दिसते. ‘लास्ट’ या आज्ञेने मागील नोंदी दिसतात. विंडोजच्या सुरक्षा-नोंदवहीत यशस्वी लॉगिन ४६२४ या क्रमांकाने, तर फसलेला प्रयत्न ४६२५ या क्रमांकाने नोंदला जातो. सर्व्हर बंद करण्यापूर्वी कोणाचे काम अर्धवट आहे, नोकरी सोडून गेलेल्याचे खाते अजून चालू आहे काय, हे यावरून कळते. केंद्र शासनाच्या सर्ट-इन संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांद्वारे संगणक-प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक केले आहे.

तथापि ही यादी खात्याची असते, माणसाची नव्हे. लॉगआउट न करता घरी गेलेला कर्मचारी यादीत हजरच राहतो. आपला पासवर्ड दुसऱ्याने वापरला, तरी नोंद आपल्याच नावावर होते.

इतिहासातील दोन हजेऱ्या

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. भिक्खू किती आहेत, असे लोकांनी विचारले असता भिक्खूंना सांगता आले नाही. तेव्हा भगवान बुद्धांनी उपोसथाच्या दिवशी भिक्खूंची मोजणी करण्यास, त्यासाठी शलाका, म्हणजे लहान काड्या, वापरण्यास अनुमती दिली. ही गणना संघाची होती, संघासाठी होती आणि सर्वांसमक्ष होती.

दुसरी हजेरी गुन्हेगार जमाती कायद्याची. १८७१ चा हा कायदा १९११ मध्ये नव्याने करण्यात आला व मुंबई इलाख्यासही लागू झाला. नोंद झालेल्यांच्या बोटांचे ठसे घेतले जात. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुटुंबे तारेच्या कुंपणाआड राहत. अपराध सिद्ध झाला म्हणून नव्हे, तर जन्म पाहून ही पाळत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून रद्द झाला.

दोन्हीकडे माणसे मोजलीच गेली. भेद होता तो हेतूचा आणि माणसाकडे पाहण्याच्या दृष्टीचा.

आजची कसोटी

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने मान्य केले. त्यात हस्तक्षेप करावयाचा तर कायद्याचा आधार हवा, उद्देश योग्य हवा आणि हस्तक्षेप त्या उद्देशापुरताच हवा. हा निकाल प्रामुख्याने शासनसंस्थेस उद्देशून असला, तरी त्यातील विवेक प्रत्येक कार्यालयाने पाळण्यासारखा आहे. नेटवर्कच्या सुरक्षेसाठी लॉगिनची नोंद योग्य. त्याच नोंदीवरून एखाद्याच्या मागे संशय लावणे अयोग्य.

म्हणून आपल्या तरुणांना आमचे सांगणे आहे. रुजू होतानाच विचारा: काय नोंदले जाते, ते कोण पाहते, किती दिवस ठेवले जाते? वरिष्ठांनी मागितला तरी पासवर्ड देऊ नका. जागा सोडताना लॉगआउट करा. आपल्यापैकी अनेकजण घराण्यातील पहिलेच कार्यालयात बसणारे आहेत. दुसऱ्याच्या कृत्याचा ठपका आपल्या नावावर आला, तर तो पुसून काढणे आपल्याला अधिक जड जाते. बुद्धांनी सांगितलेला अप्पमाद, म्हणजे अखंड जागरूकता, येथेच उपयोगी पडते.

जयभीम, नमो बुद्धाय.