विटांचे बैठे घर आणि वातानुकूलन यंत्र

मे महिन्याच्या अखेरीस रायपूर शहरात दुपारी बारा वाजता उभ्या काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. हे शहर सुमारे २१ अंश १५ कला उत्तर अक्षांशावर वसले असून २५ मे नंतर दोन-तीन दिवसांतच सूर्य त्याच्या बरोबर माथ्यावर येतो. सूर्याचा रोहिणी नक्षत्रातील प्रवेशही ह्याच सुमारास होतो, आणि पुढील नऊ दिवसांना छत्तीसगढात व विदर्भात ‘नवतपा’ म्हणतात. हे नाव लोकांनी उगाच दिलेले नाही.

ह्या गोष्टीचा घराच्या रचनेशी निकट संबंध आहे. सूर्य माथ्यावर असता दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. पूर्वेच्या व पश्चिमेच्या भिंतींना ते काही तासच लागते. सपाट छत मात्र सकाळपासून सायंकाळपर्यंत तापत राहते. अनेक मजल्यांच्या इमारतीत हा ताप केवळ वरच्या मजल्याला सोसावा लागतो. परंतु बैठ्या घरातील प्रत्येक खोली ही वरच्या मजल्यावरचीच खोली असते. जुन्या घरांच्या मातीच्या भिंती जाड असत आणि कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. त्यांच्या जागी विटांच्या भिंती व काँक्रीटचे छत आले, तेव्हा घर टिकाऊ झाले, पण ही वाट बंद झाली.

वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकते. आतल्या वेटोळ्यात एक द्रव वाफ होताना उष्णता शोषून घेतो; तीच वाफ बाहेरच्या वेटोळ्यात दाबाखाली पुन्हा द्रव होते व ती उष्णता सोडते. यंत्राची शक्ती ‘टन’ ह्या मापाने सांगतात, ते माप बर्फाच्या व्यापारातून आले आहे: सुमारे ९०७ किलोग्रॅम बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी उपसणारे यंत्र एक टनाचे. म्हणजेच सुमारे साडेतीन किलोवॉट.

आता चार मीटर लांब व चार मीटर रुंद अशी एक खोली घेऊ. तिच्या छताचे क्षेत्रफळ १६ चौरस मीटर. बारा सेंटिमीटर जाडीच्या उघड्या काँक्रीट छतातून, आतबाहेरच्या तपमानातील प्रत्येक अंशामागे, दर चौरस मीटरला सुमारे साडेतीन वॉट उष्णता आत येते. उन्हाने काळवंडलेले छत ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापले आणि आत २५ अंश राखावयाचे असले, तर ४० अंशांच्या अंतरामुळे सुमारे २,२४० वॉट उष्णता एकट्या छतातून उतरते. एक टनाच्या यंत्राची जवळजवळ दोन तृतीयांश शक्ती अशा रीतीने माणसांसाठी नव्हे, तर छतासाठी खर्च होते! अशा वेळी पुष्कळ कुटुंबे अधिक मोठे यंत्र विकत घेतात. खोलीचे दुखणे छतात असताना हा उपाय महाग तर आहेच, शिवाय दर महिन्याच्या विजेच्या बिलात तो पुन्हा पुन्हा फेडावा लागतो.

रात्रीची अडचण निराळी आहे. वर सांगितलेल्या छताचे वजन साडेचार टनांहून अधिक भरते. दिवसभर साठवलेली उष्णता ते सूर्यास्तानंतर खोलीत सोडू लागते. नऊ इंची विटांच्या पश्चिम भिंतीत शिरलेली उष्णता आतल्या बाजूस पोहोचावयास सहा-सात तास लागतात. म्हणून घरातील माणसे निजावयास जातात त्याच वेळी ती भिंत हाताला ऊन लागते. वृद्धांना व तान्ह्या मुलांना ह्या रात्रीच अधिक बाधतात.

म्हणून सुधारणेस आरंभ गच्चीवरून करावा. चुन्याची ताजी सफेदी उन्हाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परतवून लावते. छतावर अडीच सेंटिमीटर जाडीचा पॉलिस्टायरीन फोमचा थर देऊन वर फरशी बसविली, तर साडेतीन वॉटचा आकडा सुमारे एकावर येतो. २०१८ च्या ‘इको-निवास संहिते’ने निवासी छतासाठी घातलेली मर्यादा १·२ आहे. पश्चिम भिंतीला बाहेरून वेल, झाप वा झाड ह्यांची सावली द्यावी. खिडकीच्या आतला पडदा ऊन काचेतून शिरल्यावरच अडवितो. बाहेरचा छज्जा ते आधीच अडवितो.

रायपुरात ह्यात एक विघ्न आहे. शहरालगतच्या उरला व सिलतरा ह्या औद्योगिक वसाहतींत स्पंज आयर्नचे व पोलादाचे कारखाने असून त्या बाजूच्या वस्त्यांतील गच्च्यांवर काळी धूळ बसते. धुळीने मळलेली सफेदी ऊन परतवीत नाही. तीच धूळ यंत्राच्या जाळीत व बाहेरच्या वेटोळ्यात अडकून हवेचा मार्ग रोखते. उन्हाळ्यात जाळी दर पंधरवड्यास पाण्याने धुणे आणि मार्चमध्ये गच्ची झाडून सफेदी नव्याने देणे, ही कामे येथे टाळता येत नाहीत.

यंत्राचा बाहेरचा भाग गच्चीच्या उन्हात ठेवू नये. यंत्रांची शक्ती कारखान्यात बाहेरचे तपमान ३५ अंश धरून मोजलेली असते; हवा ४४ अंशांवर गेली की तेच यंत्र कमी उष्णता उपसते व वीज अधिक खाते. त्याला वरून सावली द्यावी, मात्र भोवती हवा मोकळी राहू द्यावी. आतील तपमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे आहे. २६ अंश व छताचा पंखा हा जोड पुष्कळांना पुरतो.

कूलर आणि वातानुकूलन यंत्र एकाच खोलीत चालविण्याची चूक मात्र वरचेवर आढळते. कूलर हवेत वाफ भरतो आणि यंत्राला तीच वाफ पुन्हा पाणी करून काढावी लागते. दर लिटरमागे सुमारे २,४०० किलोजूल उष्णता ह्या निरर्थक कामी लागते. मेच्या कोरड्या हवेत, खिडकी उघडी ठेवून, एकटा कूलर उत्तम काम देतो. जुलैच्या मध्यास सूर्य रायपूरच्या माथ्यावर दुसऱ्यांदा येतो, तेव्हा हवा दमट असल्याने कूलर निरुपयोगी ठरतो. मेमध्ये जे छत तापत होते, त्यावर त्या वेळी बहुधा ढगांची सावली असते, आणि गच्चीवरची धूळ पावसाने धुऊन निघालेली असते.