सावत्र पुत्र व पित्याचे कर्तव्य
शास्त्रपाठ : १ शमुवेल ३:११-१४, मत्तय १:२४, २५

गिरणेच्या पात्रातून रात्री चोरून वाळू नेणाऱ्या ट्रॅक्टरवर वयात आलेला सावत्र पुत्र जाऊ लागला, तर “तो माझ्या रक्ताचा नव्हे” असे म्हणून पित्याने स्वस्थ बसावे काय? योसेफाने आपला नसलेला बालक पदरी घेतला; एलीने मात्र आपल्याच पुत्रांस आवरले नाही.

प्रीती करणे म्हणजे पाप झाकणे नव्हे. गुन्हेगारास शिक्षेपासून वाचविण्यास्तव लपविणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३, कलम २४९ प्रमाणे अपराध आहे. ह्यात सूट पतिपत्नींस आहे, मातापित्यांस नाही. म्हणून त्यास लपवू नका, टाकूही नका. त्याच्यासंगती चौकीपर्यंत चाला. ताट मांडून ठेवा.

प्रश्न : एलीने बोल लाविला, तरी तो कोठे चुकला?