संदेशांची आठवड्याची बेगमी

गावपातळीवरील विस्तार कार्यकर्त्याचे बरेचसे काम आता हातातील मोबाइलवर चालते. गावोगावचे व्हॉट्सॲप गट, तालुका कचेरीचा गट, महिला बचत गटांचा गट, शिवाय एखादे फेसबुक पान, एवढा पसारा एका माणसाकडे असतो. सकाळी बांधावर उभे राहून संदेश टाकावयाचा, दुपारी तोच दुसऱ्या गटात पाठवावयाचा आणि रात्री जेवताजेवता कोणाच्या तरी प्रश्नाला उत्तर द्यावयाचे, असा क्रम सुरू झाला म्हणजे दिवसाला शेवट उरत नाही. अशा कामातून येणाऱ्या शिणाची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत केली. हा रोग नसून नोकरी-व्यवसायातून उद्भवणारी अवस्था होय, असेही तिने स्पष्ट केले. शक्ती सरल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटकपणा येणे आणि हातून नीट काम होईनासे होणे, ही तिची तीन लक्षणे. पैकी दुसरे लक्षण विस्तारकार्यास विशेष घातक आहे; कारण कार्यकर्ता प्रश्नांना कंटाळला आहे, हे शेतकऱ्याला एका फोनातच कळते आणि तो पुन्हा विचारीत नाही.

यावर उपाय असा की, आठवड्यातून एकदा निवांत बसून पुढील संदेश लिहून ठेवावेत आणि ते ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी आपोआप जातील अशी व्यवस्था करावी.

कल्पना नवीन नाही. 1956 साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्याच्या 5 जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांसाठी आठवड्यातून 2 वेळा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण 20 कार्यक्रम झाले. ठरल्या वेळी मंडळी रेडिओभोवती जमत, ऐकत, चर्चा करीत व आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत; उत्तरे पुढील कार्यक्रमातून मिळत. प्रत्येक प्रश्नाला तत्क्षणी उत्तर मिळत नसे, तरीही या गावांतील लोकांच्या माहितीत चांगली भर पडल्याचे पुढे केलेल्या पाहणीत आढळून आले. वेळ ठरलेली असली की ऐकणारा वाट पाहतो. आजच्या गटांत नेमकी हीच गोष्ट हरवली आहे.

अंबरनाथ तालुक्याच्या दृष्टीने वेळेचा विचार अधिकच महत्त्वाचा आहे. अंबरनाथ पश्चिमेतील बुवापाडा हे नाव पाड्याचे असले तरी वस्ती आता शहराची झाली आहे. आसपासच्या गावांत भातशेती करणाऱ्या अनेक घरांतील माणसे कारखान्यात पाळीवर जातात किंवा पहाटेची लोकल धरतात. अशा शेतकऱ्याला सकाळी 11 वाजता पाठविलेला संदेश रात्री इतर पन्नास संदेशांखाली दडलेला सापडतो. म्हणून रविवार व बुधवार हे दोन वार आणि संध्याकाळी 7 ही वेळ धरून पाहावी. महिनाभर त्यात बदल करू नये.

आगाऊ काय लिहावे? ऋतुचक्राला जे ठाऊक आहे ते सर्व. भाताचे बी पेरण्यापूर्वी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवावे, तरंगणारे पोचट बी काढून टाकावे आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे, हा संदेश मेच्या अखेरीस लागणार हे जानेवारीतही सांगता येते. लावणीच्या वेळी एका चुडात 2 ते 3 रोपे उथळ लावावीत, कापणीपूर्वी 8 ते 10 दिवस खाचरातील पाणी काढून टाकावे, भातानंतरच्या ओलीवर वालाची पेरणी लांबवू नये, हेही तसेच. असे संदेश एका वहीत पिकाच्या अवस्थेप्रमाणे लिहून ठेवल्यास पुढील वर्षी थोड्या दुरुस्तीने चालतात. पहिल्या वर्षी कष्ट पडतात, हे खरे.

परंतु जे आभाळाच्या हाती आहे ते आगाऊ ठरवून ठेवू नये. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर व वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे 1,050 प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा सकाळी “आज भाताला युरियाचा हप्ता द्यावा” असा आठवड्यापूर्वी लावून ठेवलेला संदेश गटात येऊन पडला, तर काय होईल? ज्याने तो मानला त्याचे खत पाण्याबरोबर वाहून जाईल आणि ज्याने मानला नाही तो पुढचा संदेशही मानणार नाही. खताचा हप्ता, फवारणी, कापणी, बाजारभाव व अतिवृष्टीचा इशारा यांविषयीचे संदेश त्या त्या वेळी हातानेच पाठवावेत. हवामान विभागाचा कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो. ‘मेघदूत’ ॲपवरही तो मिळतो. यास्तव शुक्रवारी सल्ला वाचून दोन्ही संदेश लिहावेत आणि मंगळवारचा सल्ला पाहून बुधवारचा संदेश तपासावा, गरज वाटल्यास रद्द करावा. ही दहा मिनिटांची तपासणी ज्याला जमणार नाही, त्याने वेळ लावून संदेश पाठविण्याच्या फंदात न पडलेले बरे.

साधनांविषयी थोडेसे. फेसबुक पानासाठी ‘मेटा बिझनेस सूट’मध्ये तारीख व वेळ लावता येते. टेलिग्रामवर पाठविण्याचे बटण दाबून धरले असता वेळ ठरविण्याचा पर्याय दिसतो. गूगलच्या मेसेजेस ॲपमध्ये साध्या एसएमएससाठीही तशीच सोय आहे. इंटरनेट नसलेल्या पाड्यावर तोच उपयोगी पडतो. व्हॉट्सॲपवर ज्याला अशी सोय दिसत नाही त्याने संदेश लिहून ठेवावा व 7 वाजताचा गजर लावावा. बाहेरची अनधिकृत ॲपे मात्र घेऊ नयेत. त्यामुळे खाते बंद होण्याचा संभव असतो.

प्रश्नांचे काय करावे, हा खरा अवघड भाग. सल्ल्याच्या गटात फक्त ॲडमिनच लिहू शकेल अशी व्यवस्था करावी व प्रश्नांसाठी वेगळा गट ठेवावा. नेहमीचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे बुधवारच्या संदेशात द्यावीत. ‘व्हॉट्सॲप बिझनेस’मध्ये रात्रीसाठी आपोआप जाणारे उत्तर ठेवता येते. त्यात किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा निःशुल्क क्रमांक द्यावा. तेथे सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत सल्ला मिळतो. सर्पदंश, विषबाधा किंवा पूर यांसाठी मात्र आपला फोन रात्रीही चालू ठेवावा आणि तसे गटात सांगून ठेवावे.

जे शेतकरी बंधू व भगिनी बदलापूरची जांभळे किंवा भाजी गृहसंकुलांच्या गटांवर विकतात, त्यांनाही हीच रीत लागू पडते. मालाची ओळख, घरपोच देण्याचे वार व पैसे देण्याची पद्धत ही माहिती आगाऊ लावून ठेवावी. भाव व किती किलो माल आहे, हे मात्र तोडणी झाल्यावर, टोपली समोर ठेवूनच लिहावे.