रोव्हर हातात घेणाऱ्यांसाठी

सर्व्हेअर म्हटलं की बऱ्याच पालकांच्या डोळ्यांसमोर अजून साखळी ओढत बांधाबांधाने फिरणारा माणूस येतो. हे काम आता पार बदललंय. सर्व्हे ऑफ इंडियाने देशभर 1,000 हून अधिक संदर्भ केंद्रं उभारली आहेत. या जाळ्याला व्यवसायात सगळे ‘कॉर्स’ म्हणतात.

मोबाइलवरची जागा चार-पाच मीटरनी चुकते. रिक्षा बोलवायला ते चालतं, पण बांधाच्या भांडणात तेवढ्यावरून दोन पिढ्या कोर्टात जातात. सुमारे वीस हजार किलोमीटरवरून येणारा उपग्रहाचा संकेत वातावरणातून येताना रेंगाळतो आणि मोजमाप बिघडतं. कॉर्स केंद्राची जागा आधीच काटेकोर ठरलेली असते. ते चोवीस तास तेच संकेत घेऊन चूक काढतं, आणि अशा अनेक केंद्रांवरून तयार झालेली दुरुस्ती इंटरनेटवरून शेतातल्या रोव्हरपर्यंत, म्हणजे सर्व्हेअर सोबत नेतो त्या उपग्रह-संकेत घेणाऱ्या यंत्रापर्यंत, पोहोचते. मग फरक उरतो काही सेंटिमीटरचा.

जागा काटेकोर ठरवण्याचं हेच काम 1802 मध्ये ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासहून त्रिकोण मोजत सुरू केलं होतं. 1823 मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला ते वारले, तेव्हाही मोहीम चालूच होती.

2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावकरी आपल्या घराच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा ओढतात, वरून ड्रोन फोटो घेतो आणि त्यातून मिळकत पत्रिका तयार होते. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत असा प्रयोग त्याआधीच झाला होता. हे फोटो जमिनीवर नेमके बसवायला कॉर्सचा आधार लागतो.

मग यंत्रच सगळं करत असेल, तर माणूस कशाला? ही शंका रास्त आहे. पण दाट आंब्याखाली रोव्हर नेला की पडद्यावरचं ‘फिक्स’ जाऊन ‘फ्लोट’ दिसू लागतं, म्हणजे जागा अजून पक्की ठरलेली नसते. तो आकडा तसाच नोंदवला तर हद्द सरकते. उंचीचं प्रकरण तर आणखी नाजूक: उपग्रहावरून मिळणारी उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत महाराष्ट्रात पन्नास मीटरहून अधिक फरक पडतो. कालव्याची आखणी करणाऱ्याला हे उमगलं नाही, तर अनर्थच. बटण दाबणारे पुष्कळ मिळतात. चूक ओळखणाऱ्याला मात्र मागणी राहणारच.

दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्व्हेअर ट्रेड किंवा सिव्हिल डिप्लोमा करता येतो. भूमी अभिलेख विभागातल्या भूकरमापकाच्या भरतीत या दोन्हींचा उपयोग होतो. पदवीनंतर पुण्यात सिंबायोसिसची जिओइन्फॉर्मेटिक्स संस्था आहे, आयआयटी मुंबईत संशोधनाची सोय आहे, तर डेहराडूनची आयआयआरएस ही दूरसंवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रमही चालवते. जाळं चालतं ठेवायला सर्व्हर, नेटवर्क आणि प्रोग्रामिंग जाणणारेही लागतात, म्हणून संगणकाच्या विद्यार्थ्यांनाही इथे दार उघडं आहे.

ज्याला उन्हाचा आणि त्रिकोणमितीचा कंटाळा, त्याला पालकांनी इकडे ढकलू नये. बाकीच्यांनी प्रवेश घेण्याआधी गावातली एखादी सरकारी मोजणी पूर्ण दिवस पाहावी आणि भूकरमापकाला मोकळेपणाने विचारावं: पावसाळ्यात काम कसं चालतं, नकाशा कोण तपासतं, हद्दीवरून लोक भांडले तर काय करता?