शेवटच्या नळाचे पाणी तपासायला लावा

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले. त्या आठवणीत दरवर्षी आपण तेथे जमतो. वस्तीत जुलाब-उलट्या सुरू होतात तेही नेमके याच दिवसांत.

त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाने चवदार तळ्याचा निकाल आपल्या बाजूने दिला होता. १९२७ मध्ये आपण पाणी प्यालो म्हणून तळे ‘बाटले’ आणि सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते ‘शुद्ध’ केले! परळच्या हाफकिन संस्थेत तेव्हा रोगजंतूंवर संशोधन चालू होते. शेण कालवलेले पाणी तेथे कोणी शुद्ध म्हटले असते का?

पाण्यात क्लोरिन आहे की नाही, हे ओ.टी. चाचणीने लगेच कळते. थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरिन आहे. पिवळे पाहून बायका घाबरतात. खरे तर रंग आला नाही तर घाबरायचे. गावात जलसुरक्षक, शहरात महापालिकेचा कर्मचारी ही चाचणी करतो. ती टाकीजवळ नको, वस्तीच्या शेवटच्या नळावर करायला लावा. गटारातून गेलेली फुटकी नळी तिकडेच असते.

जंतूंची तपासणी जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत होते. ती जळगावला आहे, धुळ्यालाही आहे. नमुन्याची निर्जंतुक बाटली तिथूनच येते. एकदा आमच्यासमोर ती नळाखाली विसळली गेली. क्लोरिनचा परिणाम थांबवणारे औषध बाटलीत असते, ते वाहून गेले तर खराब पाणीही चांगले ठरू शकते. आम्ही दुसरी बाटली आणायला लावली. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचा.

रुग्णाचे डोळे खोल गेले, लघवी थांबली, पाणी पोटात टिकेना, की १०८ ला फोन करा. ही गाडी २०१४ पासून मोफत आहे. गरोदर बाई, बाळंतीण, तान्हे बाळ यांच्यासाठी १०२. गाडी गल्लीत शिरत नाही, म्हणून विहाराची खूण सांगा आणि एका पोराला मोठ्या रस्त्यावर उभे करा. तोपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहा. तान्ह्याचे अंगावरचे दूध बंद करू नका.